यशवंतराव चव्हाण : मुंबई, दिल्ली आणि अडतीस वर्षांची कारकीर्द

यशवंतराव बळवंतराव चव्हाण (१२ मार्च १९१३ – २५ नोव्हेंबर १९८४) हे द्वैभाषिक मुंबई राज्याचे अखेरचे आणि महाराष्ट्र राज्याचे पहिले मुख्यमंत्री. १९४६ साली ते मुंबई विधानसभेवर प्रथम निवडून आले आणि त्यानंतर निधनापर्यंत, म्हणजे अडतीस वर्षे, कोणत्या ना कोणत्या सभागृहाचे सदस्य होते. चार वेळा विधानसभा, पाच वेळा लोकसभा. केंद्रात संरक्षण, गृह, अर्थ आणि परराष्ट्र व्यवहार ही चारही प्रमुख खाती त्यांनी पूर्णवेळ सांभाळली. नोव्हेंबर १९६२ ते मार्च १९७७ या सलग चौदा वर्षांहून अधिक काळात नेहरू, शास्त्री आणि इंदिरा गांधी अशा तीन पंतप्रधानांच्या मंत्रिमंडळांत ते होते. पुढे १९७९ मध्ये ते उपपंतप्रधानही झाले. एवढी पदे भूषवलेल्या या नेत्याविषयी महाराष्ट्रात आजही दोन प्रकारे बोलले जाते. आधुनिक महाराष्ट्राचे शिल्पकार म्हणून त्यांचा गौरव होतो, आणि त्याच दमात दिल्लीत ते नेहमी एक पाऊल मागे का राहिले, अशी हळहळ व्यक्त होते. पहिल्या विधानाला ठोस आधार आहेत. दुसऱ्याचे उत्तर त्यांच्या कारकिर्दीच्या तपशिलात शोधावे लागते.

कऱ्हाडचा विद्यार्थी

तत्कालीन सातारा जिल्ह्यातील (आताच्या सांगली जिल्ह्यातील) देवराष्ट्रे हे त्यांचे आजोळ आणि जन्मगाव. वडील प्लेगच्या साथीत गेले तेव्हा यशवंतराव अगदी लहान होते. आई विठाबाई आणि थोरले बंधू यांनी ओढाताणीत घर चालवले. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकत असतानाच ते कायदेभंगाच्या चळवळीत ओढले गेले आणि १९३२ मध्ये अठरा महिन्यांची शिक्षा होऊन येरवड्याच्या तुरुंगात पोहोचले. शाळेत, पुढे कोण होणार असे गुरुजींनी विचारले असता ‘यशवंतराव चव्हाण होणार’ असे उत्तर त्यांनी दिल्याची आठवण महाराष्ट्रात पाठ आहे. त्यांच्या जडणघडणीच्या दृष्टीने मात्र येरवड्यातील वाचन आणि सहबंदींबरोबरच्या चर्चा अधिक महत्त्वाच्या. मार्क्सवाद, गांधीविचार आणि पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांची मांडणी या तिन्हींशी त्यांचा परिचय ऐन तारुण्यात झाला आणि एकाही पंथात ते पूर्णपणे सामावले नाहीत.

कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून बी. ए. आणि पुण्याहून कायद्याची पदवी घेऊन ते कऱ्हाडला वकिली करू लागले. जून १९४२ मध्ये वेणूताईंशी विवाह झाला आणि दोनच महिन्यांत ‘चले जाव’ची घोषणा झाली. यशवंतराव भूमिगत झाले. पोलिसांनी वेणूताईंना आणि बंधू गणपतरावांना अटक केली. आजारी वेणूताईंना भेटायला फलटणला आले असताना यशवंतराव स्वतः पकडले गेले. या काळाची झळ वेणूताईंच्या प्रकृतीला कायमची लागली.

१९४६ च्या निवडणुकीत ते दक्षिण साताऱ्यातून विधानसभेवर आले. मंत्रिपद नव्हे, संसदीय चिटणीसपद मिळाले, तेही गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या हाताखाली. पुढील तेहतीस वर्षांत या दोघांचे संबंध इतक्या वळणांतून गेले की केवळ त्यावर स्वतंत्र ग्रंथ व्हावा. १९५२ मध्ये नागरी पुरवठा मंत्री म्हणून ते मंत्रिमंडळात आले.

द्वैभाषिकाचा अवघड वारसा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, यशवंतराव विशाल द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. नेतेपदाच्या निवडणुकीत त्यांनी भाऊसाहेब हिरे यांचा मोठ्या फरकाने पराभव केला. त्या विजयात गुजरातच्या आमदारांचा वाटा होता. मराठी जनमताला हे द्वैभाषिक नको होते. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक माणसे गोळीबारात बळी गेली होती. अशा राज्याचा मुख्यमंत्री मराठी मुलखात तरी लोकप्रिय असणे शक्यच नव्हते. त्याआधी फलटणच्या सभेत, नेहरू आणि संयुक्त महाराष्ट्र यांत निवड करायची झाली तर आपण नेहरूंच्या बाजूने उभे राहू, अशा आशयाचे जे विधान त्यांनी केले होते, ते विरोधकांनी अखेरपर्यंत विसरू दिले नाही. आचार्य अत्र्यांच्या लेखणीचे प्रहार त्या काळात ज्यांच्यावर सर्वाधिक झाले, त्यांत यशवंतरावांचा क्रमांक बराच वरचा होता.

१९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण उडवली. कऱ्हाडमधून यशवंतराव स्वतः थोडक्या मतांनी वाचले. गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्यातील जागांवर त्यांचे सरकार उभे राहिले. राज्य द्वैभाषिक, मुख्यमंत्री मराठी, पण बहुमताचा मोठा भाग मराठी जनतेच्या इच्छेविरुद्ध. ही विसंगती त्यांच्याएवढी कोणाला ठाऊक नसावी.

३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण नेहरूंच्या हस्ते व्हायचे होते. समितीने निदर्शनांची हाक दिली. वाई आणि पसरणी घाटाच्या रस्त्यावर दुतर्फा जनसमुदाय लोटला. घोषणा झाल्या, काळे बावटे दिसले, पण अनर्थ झाला नाही. याचे श्रेय निदर्शकांच्या शिस्तीला जाते, तसेच पोलिसांना संयम पाळायला लावणाऱ्या मुख्यमंत्र्यांनाही. नेहरूंनी त्या दिवशी मराठी मनाचा कौल डोळ्यांनी पाहिला. पुढील दोन वर्षांत यशवंतरावांनी दिल्लीत हेच पटवून देण्याचे काम केले: द्वैभाषिक प्रामाणिकपणे राबवून पाहिले, ते चालत नाही. १९५९ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदी इंदिरा गांधी होत्या. त्यांचेही मत विभाजनाकडे झुकले. गुजरातला द्यावयाचे आर्थिक साहाय्य, डांगचा प्रदेश, सीमेवरील गावे या वाटाघाटींत महाराष्ट्राने काही गमावलेही, आणि त्याबद्दल समितीने त्यांना धारेवर धरले. १ मे १९६० रोजी राज्य अस्तित्वात आले. चळवळीने रेटा निर्माण केला आणि मुख्यमंत्र्यांनी वाट काढली. यांपैकी एकालाच सारे श्रेय देणारा इतिहास अपुरा ठरतो.

सहाच वर्षे, पण पाया घालणारी

नव्या राज्यापुढचा पहिला प्रश्न एकीचा होता. विदर्भ १९५३ च्या नागपूर कराराच्या आश्वासनांवर आला होता, मराठवाडा निजामी राजवटीतून. नागपूरला विधिमंडळाचे अधिवेशन, दोन्ही विभागांना विकासनिधी व नोकऱ्यांत न्याय्य वाटा, अशी वचने सभागृहात दिली गेली. त्यांपैकी किती पाळली गेली, याचा हिशेब विदर्भ आणि मराठवाडा अजून मागत आहेत. दुसरा प्रश्न जातीचा. हे राज्य मराठ्यांचे की मराठी माणसांचे, असा रोखठोक सवाल ‘तरुण भारत’चे संपादक ग. त्र्यं. माडखोलकर यांनी केला होता. राज्य मराठी जनतेचेच होईल, अशी ग्वाही यशवंतरावांनी दिली.

ही ग्वाही सत्तेच्या व्यवहारात किती उतरली यावर मतभेद आहेत. ‘बेरजेचे राजकारण’ हा शब्दप्रयोग त्यांच्याशीच जोडला जातो. शेतकरी कामगार पक्षात गेलेले बहुजन समाजातील नेते काँग्रेसमध्ये परत आणणे, विरोधकाला शत्रू न मानणे, लेखक-विचारवंतांना राज्यकारभाराच्या जवळ ठेवणे, असे त्याचे स्वरूप होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले आणि मराठी विश्वकोशाचे काम त्यातून सुरू झाले. या बेरजेमुळे राज्याला स्थैर्य लाभले. पण बेरीज करताना ग्रामीण सत्ता एका मोठ्या जातसमूहाच्या हाती एकवटत गेली आणि विरोधी पक्ष क्षीण झाले, हेही खरे.

प्रशासनाच्या अभ्यासकाने मात्र सर्वांत जास्त वेळ द्यावा तो जिल्हा परिषदांच्या कायद्याला. बलवंतराय मेहता समितीने देशभरासाठी सुचवलेल्या रचनेत तालुका वा विकासगट हा कार्यकारी सत्तेचा मुख्य स्तर होता आणि जिल्हा पातळीवरील संस्थेचे स्वरूप सल्लागाराचे होते. महाराष्ट्राने हे स्वीकारले नाही. वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जिल्हा हाच मुख्य स्तर मानला. त्यासाठी कारण व्यवहारी होते: शिक्षण, आरोग्य, बांधकाम, पाटबंधारे अशी खाती तज्ज्ञ अधिकाऱ्यांसह चालवायची तर तालुका त्यासाठी फार लहान. त्यावर आधारलेला १९६१ चा कायदा १ मे १९६२ पासून अमलात आला. जिल्हाधिकाऱ्याला परिषदेबाहेर ठेवण्यात आले आणि प्रशासकीय सेवेतील स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी परिषदेच्या सेवेत आला. जिल्ह्यातील सर्वशक्तिमान अधिकाऱ्याच्या जोडीला निवडून आलेला अध्यक्ष उभा राहिला, तोही स्वतःच्या अर्थसंकल्पासह. घटनेत पंचायत राज्याला स्थान मिळण्याच्या तीस वर्षे आधीची ही गोष्ट. त्यानंतर राज्याच्या राजकारणात आलेल्या कित्येक मंत्र्यांनी कारभाराची पहिली ओळख जिल्हा परिषदेत करून घेतली. मुख्यमंत्र्याने आपल्या मंत्रालयाचे अधिकार स्वखुशीने खाली सोडल्याची अशी उदाहरणे भारतात फारशी नाहीत. नंतरच्या मुख्यमंत्र्यांचा ओघ तर उलट्या दिशेचाच राहिला.

कमाल जमीनधारणेचा कायदा १९६१ चा. औद्योगिक विकास महामंडळ १९६२ चे. सहकारी साखर कारखान्यांची मुहूर्तमेढ विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला आधीच रोवली होती. यशवंतरावांच्या सरकारने भागभांडवल आणि हमी देऊन त्याचा विस्तार केला. कोयनेची वीज १९६२ मध्ये वाहू लागली. मराठवाडा विद्यापीठ (१९५८), साताऱ्याची सैनिकी शाळा (१९६१), कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ (१९६२) ही त्याच काळातील.

परदेशी स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या इतिहासात डोकावले तर एका योजनेचा उल्लेख वारंवार सापडेल. वार्षिक १,२०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्या पालकांच्या मुलांची फी माफ करण्याचा निर्णय या सरकारने घेतला. ‘ई. बी. सी.’ या तीन अक्षरांनी तो ओळखला गेला. निकष आर्थिक होता, जातीचा नव्हता. शेतकऱ्यांची, शाळामास्तरांची, गिरणीकामगारांची मुले त्या सवलतीवर महाविद्यालयांत गेली, आणि त्या पिढीच्या मुलांपैकी बरेच जण आज लंडन, दुबई वा न्यू जर्सीत आहेत. महार वतने रद्द करणारा १९५८ चा कायदा आणि बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांच्या सवलती राज्यपातळीवर पुढे चालू ठेवण्याचा निर्णय हेही त्यांच्याच मुख्यमंत्रिपदातले. बौद्धांना अनुसूचित जातींच्या आरक्षणाचा लाभ केंद्राकडून मिळायला १९९० साल उजाडले.

संरक्षणमंत्री

चीनकडून झालेल्या पराभवानंतर व्ही. के. कृष्ण मेनन यांना जावे लागले आणि नेहरूंनी यशवंतरावांना बोलावले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य त्यानंतर मराठी वृत्तपत्रांनी इतके वापरले की ते गुळगुळीत झाले. २१ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांनी शपथ घेतली त्याच दिवशी चीनने एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली. म्हणजे नव्या मंत्र्यापुढे युद्ध नव्हते, युद्धाने मोडलेले सैन्य होते. लोकसभेत ते १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकमधून बिनविरोध गेले. मिग विमानांच्या निर्मितीचा कारखाना पुढे नाशिकजवळ ओझरला उभा राहिला, याची आठवण नाशिककर अजून काढतात.

मेनन यांच्या काळात सेनाधिकारी आणि मंत्री यांच्यातील संबंध विकोपाला गेले होते. यशवंतरावांनी सेनादलांच्या प्रमुखांना नियमित भेटण्याची प्रथा घातली आणि बढत्या व डावपेच यांत हात घालणे थांबवले. डोंगरी युद्धासाठी खास दले, सव्वाआठ लाखांचे सैन्य, हवाई दलाचा विस्तार, अशी पंचवार्षिक संरक्षण योजना आखली गेली. शस्त्रे मिळवण्यासाठी त्यांनी वॉशिंग्टन, मॉस्को आणि लंडन अशा तिन्ही राजधान्या गाठल्या. मे १९६४ मध्ये ते अमेरिकेत असतानाच नेहरूंच्या निधनाची वार्ता आली आणि दौरा अर्धवट सोडून ते परतले. अमेरिकेने आधुनिक लढाऊ विमाने देण्याबाबत हात आखडता घेतला, सोव्हिएत संघाने मिग दिले. भारताची शस्त्रखरेदी पुढील अनेक दशके मॉस्कोकडे झुकलेली राहिली, त्याची मुळे या दौऱ्यांत आहेत.

१ सप्टेंबर १९६५ रोजी छांब विभागात पाकिस्तानी रणगाडे घुसले. दुपारी लष्करप्रमुख जनरल चौधुरी आणि हवाई दलप्रमुख अर्जन सिंग संरक्षणमंत्र्यांच्या दालनात आले. १९६२ मध्ये लढाऊ विमाने वापरलीच गेली नव्हती. ती वापरण्याचा अर्थ युद्ध पसरण्याचा धोका पत्करणे हा होता. यशवंतरावांनी मंत्रिमंडळाची बैठक होण्याची वाट न पाहता काही मिनिटांत परवानगी दिली आणि त्याच संध्याकाळी पठाणकोटहून विमाने उडाली. पहिल्या हल्ल्यात भारताची काही विमाने पडली, काही बॉम्ब आपल्याच सैन्यावर पडले. तरीही पाकिस्तानची मुसंडी रोखली गेली. त्या दिवसांतील त्यांची रोजनिशी त्यांचे खासगी सचिव राहिलेले राम प्रधान यांनी नंतर प्रसिद्ध केली. तिच्यात विजयाचा आव नाही. सेनापतींच्या मनःस्थितीचे चढउतार आणि मंत्र्याला वाटणारी काळजी आहे. जानेवारी १९६६ मध्ये शास्त्रीजींबरोबर ते ताश्कंदला होते. करारावर सह्या झालेल्या रात्रीच शास्त्रीजी गेले.

दिल्लीतील डावपेच

शास्त्रीजींच्या जागी कोण, या प्रश्नावर यशवंतरावांनी इंदिरा गांधींच्या पारड्यात वजन टाकले. प्रतिस्पर्धी होते मोरारजी देसाई. नोव्हेंबर १९६६ मध्ये ते गृहमंत्री झाले. १९६७ च्या निवडणुकांनी अनेक राज्यांतील काँग्रेसची सत्ता गेली आणि आमदारांची खरेदी-विक्री सुरू झाली. हरियाणातील गया लाल या आमदाराच्या पक्षांतरांवरून रूढ झालेला ‘आयाराम गयाराम’ हा शब्द संसदेत नेऊन देशभर पोहोचवला तो गृहमंत्री चव्हाणांनीच. पक्षांतरांवर उपाय सुचवण्यासाठी त्यांच्याच अध्यक्षतेखाली समिती बसली आणि १९६९ मध्ये तिचा अहवाल आला. कायदा मात्र जानेवारी १९८५ मध्ये झाला, त्यांच्या निधनानंतर दोन महिन्यांनी.

बेळगावचा प्रश्नही याच काळात त्यांच्या टेबलावर आला. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला आणि त्याने बेळगाव शहर म्हैसूर राज्याकडेच ठेवले. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला. केंद्राचा गृहमंत्री मराठी असूनही सीमाप्रश्न सुटला नाही, हा आक्षेप सीमाभागात त्यांच्यावर घेतला जातो. अहवाल अमलातही आला नाही आणि नाकारलाही गेला नाही. त्या अधांतरी अवस्थेत मराठी गृहमंत्र्याच्या कोंडीचा वाटा होता असे मानायला जागा आहे.

१९६९ चे वर्ष त्यांच्या दिल्लीतील स्थानाला कलाटणी देणारे ठरले. राष्ट्रपतिपदासाठी संजीव रेड्डी यांच्या नावाला काँग्रेसच्या संसदीय मंडळात त्यांनी मत दिले, म्हणजे इंदिरा गांधींच्या विरोधात. पक्ष फुटला तेव्हा ते इंदिरा गांधींबरोबर राहिले. पहिल्या निर्णयाने पंतप्रधानांचा विश्वास गेला आणि दुसऱ्याने जुन्या नेत्यांचा. जून १९७० मध्ये गृहखाते पंतप्रधानांनी स्वतःकडे घेतले आणि यशवंतरावांना अर्थखाते दिले. वरकरणी बढती नव्हे, पदावनतीही नव्हे. ज्यांना कळायचे त्यांना कळले. मंत्री म्हणून समतोल आणि सबुरी हे त्यांचे मोठे बळ होते. सत्तेच्या निर्णायक क्षणी त्याच गुणाला कुंपणावर बसणे असे नाव पडले. तो शिक्का पुढे पुसला गेला नाही.

अर्थ आणि परराष्ट्र

संस्थानिकांचे तनखे रद्द करणारे विधेयक सप्टेंबर १९७० मध्ये राज्यसभेत एका मताहूनही कमी फरकाने पडले: बाजूने १४९, विरोधात ७५, आणि दोन तृतीयांश बहुमताला एका मताचा अंश कमी. अखेर १९७१ च्या घटनादुरुस्तीने तनखे गेले.

त्यांच्या अर्थमंत्रिपदातील आकडे आजच्या वाचकाला अविश्वसनीय वाटतील. दोन लाखांवरील उत्पन्नावर ८५ टक्के आयकर आणि त्यावर १५ टक्के अधिभार, म्हणजे एकूण ९७.७५ टक्के. शंभर रुपये मिळवणाऱ्याच्या हाती सव्वादोन रुपये. करचुकवेगिरीचे मूळ या दरांतच आहे, असे वांच्छू समितीने सांगितल्यावर १९७४-७५ च्या अर्थसंकल्पात यशवंतरावांनीच कमाल दर ७७ टक्क्यांवर आणला. मधल्या काळात बांगलादेश युद्धाचा खर्च, १९७२ चा दुष्काळ आणि १९७३ मधील तेलाची भाववाढ असे तीन आघात झाले. तुटीचा १९७३-७४ चा अर्थसंकल्प ‘काळा अर्थसंकल्प’ म्हणून ओळखला गेला. महागाई अशी भडकली की जुलै १९७४ मध्ये नोकरदारांच्या वाढीव महागाई भत्त्याचा भाग सक्तीने ठेवीत वळवावा लागला.

परकीय चलन नियमन कायदा, तोच ‘फेरा’, याच कारकिर्दीतला. १ जानेवारी १९७४ पासून तो लागू झाला. परदेशी कंपन्यांना भारतीय उपकंपनीतील हिस्सा ४० टक्क्यांवर आणण्याचे बंधन, परदेशात खाते असल्यास फौजदारी कारवाईची भीती, प्रवासाला निघताना मोजके डॉलर. सत्तरच्या दशकात देश सोडलेल्या मराठी अभियंत्यांना आणि डॉक्टरांना या कायद्याची ओळख विमानतळावरच झाली. २००० मध्ये त्याची जागा ‘फेमा’ने घेतली.

ऑक्टोबर १९७४ मध्ये परराष्ट्र खाते आले. त्याच महिन्यात हेन्री किसिंजर दिल्लीला आले आणि भारत-अमेरिका संयुक्त आयोगाच्या करारावर दोघांनी सह्या केल्या. बांगलादेश युद्धात बिघडलेले संबंध सावरण्याचे ते पहिले पाऊल. १९७६ मध्ये चीनशी राजदूतांची देवघेव पुन्हा सुरू करण्याचा निर्णय त्यांनी संसदेत जाहीर केला. के. आर. नारायणन पेकिंगला गेले. चीनच्या युद्धामुळे दिल्लीत आलेल्या मंत्र्याने चौदा वर्षांनी ते दार पुन्हा उघडावे, हा योग विलक्षण म्हणावा लागेल. आणीबाणीत मात्र ते गप्प राहिले. इंग्रजांच्या तुरुंगात तारुण्य घालवलेल्या, वाचन आणि व्यासंग यांचा आदर करणाऱ्या या नेत्याने देशातील विरोधक तुरुंगात असताना मंत्रिपद सोडले नाही. त्यांच्या चाहत्यांनाही या गोष्टीचे समर्थन करता आलेले नाही.

उतरती वर्षे

१९७७ च्या पराभवात सातारा टिकले आणि ते लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले. जानेवारी १९७८ मध्ये काँग्रेस पुन्हा फुटली. या वेळी ते इंदिरा गांधींच्या विरुद्ध बाजूला राहिले. जुलै १९७८ मध्ये शरद पवारांनी वसंतदादा पाटलांचे सरकार पाडून पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार बनवले. त्यामागे यशवंतरावांची संमती होती का, यावर महाराष्ट्रात अजून वाद झडतात.

जुलै १९७९ मध्ये त्यांनी मोरारजी देसाई सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला. जनता पक्ष आतूनच पोखरलेला होता. मोरारजींनी मतदानापूर्वीच राजीनामा दिला. राष्ट्रपती संजीव रेड्डी यांनी सरकार बनवण्याची शक्यता अजमावण्यासाठी प्रथम विरोधी पक्षनेत्यालाच पाचारण केले. पंतप्रधानपदाच्या इतके जवळ यशवंतराव पूर्वी कधी आले नव्हते. चार दिवसांत त्यांनी संख्याबळ जमत नसल्याचे कळवले. मग चरणसिंग पंतप्रधान झाले आणि यशवंतराव उपपंतप्रधान व गृहमंत्री. लोकसभेला सामोरे न जाताच ते सरकार कोसळले. हयातभर संख्येचा हिशेब अचूक ठेवणाऱ्या माणसाने अशा सरकारात का जावे, हे कोडे आहे.

१९८० च्या लाटेत अर्स काँग्रेसतर्फे महाराष्ट्रातून ते एकटेच निवडून आले. पुढच्याच वर्षी इंदिरा काँग्रेसमध्ये परतले. ‘आयाराम गयाराम’ देशाला शिकवणाऱ्या नेत्याला हा परतीचा प्रवास सोपा गेला नसणार. पंतप्रधानांनी त्यांना मंत्रिमंडळात घेतले नाही, आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद दिले. त्या आयोगाने केंद्रीय अबकारी करातील राज्यांचा हिस्सा ४० वरून ४५ टक्क्यांवर नेण्याची शिफारस केली आणि वाढीव ५ टक्के तुटीतल्या राज्यांसाठी राखले. माजी मुख्यमंत्री आणि माजी अर्थमंत्री अशा दोन्ही नात्यांनी राज्यांची बाजू जाणणारा अध्यक्ष आयोगाला क्वचितच मिळाला असेल.

१ जून १९८३ रोजी वेणूताईंचे निधन झाले. परदेश दौऱ्यांत असताना यशवंतराव त्यांना नियमित पत्रे लिहीत. ती पत्रे त्यांच्या पश्चात ‘विदेश दर्शन’ या नावाने ग्रंथरूपात आली. अपत्य नव्हते. दिल्लीतल्या घरात उरली होती ती पुस्तके. १९८४ मध्ये आत्मचरित्राचा पहिला खंड ‘कृष्णाकाठ’ प्रसिद्ध झाला. पुढचे दोन त्यांच्या मनात होते, मुंबईच्या वर्षांवर ‘सागरतळी’ आणि दिल्लीवर ‘यमुनाकाठ’. ‘कृष्णाकाठ’ १९४६ मध्ये, ते मुंबईला निघतात तिथे संपते. एकाही मंत्रिपदाविषयी त्यात शब्द नाही. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले आणि कऱ्हाडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर अंत्यसंस्कार झाले. त्यांचा ग्रंथसंग्रह कऱ्हाडच्या वेणूताई चव्हाण स्मारकात आहे.